मेंदी लावलेले केस: गेममधल्या आजीला रंगवायला किती खर्च येतो?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची डोंबिवलीहून आमच्याकडे, कल्याणला पारनाक्याच्या घरी राहायला आली. लॅपटॉप घेऊनच आली. ‘द सिम्स ४’ या गेममध्ये तिने आमचे सगळे घर उभे केले होते. आई-बाबा, मी, दोन मांजरी, गॅलरीतली तुळस, सगळे होते. आजी तेवढी जमत नव्हती. गेममध्ये पांढरे केस आहेत, करडे आहेत, हौस असेल तर निळे-हिरवेही आहेत. माझ्या आईचे केस मात्र त्यात नाहीत. भांगाशी बोटभर पांढरे, आणि तिथून खाली मेंदीचा केशरी-तांबूस रंग. आपल्याकडे भजनी मंडळात, डॉक्टरच्या दवाखान्यात, सकाळच्या भाजीबाजारात रोज दिसणारे हे केस. परदेशात बसून गेम बनवणाऱ्याला ते कसे सुचणार?

“मावशी, हा रंग कुणी करून देतं का? कितीला?” तिने विचारले.

मी चौकशी केली, थोडे पैसे वाया घालवले, बरेच शिकले. दहावी-बारावीतल्या मुलांच्या घरी हा प्रश्न आता वारंवार येतो, आणि पालकांना त्यातले काही कळत नसल्यामुळे दुकानदार सांगेल ती रक्कम दिली जाते. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडते. थोडक्यात उत्तर असे: घरात चालता संगणक असेल तर हे काम शून्य रुपयांत होते. खर्च होतो तो घाईमुळे, आणि रंग नेमका कुठे बदलायचा हे माहीत नसल्यामुळे.

रंग राहतो कुठे

गेममधल्या पात्राच्या डोक्यावर एकेक केस उगवलेला नसतो. बहुतेक गेममध्ये केस म्हणजे पातळ, चपट्या पट्ट्यांचा पुंजका असतो, आणि त्या पट्ट्यांवर केसांचे चित्र चिकटवलेले असते. त्या चित्राला टेक्श्चर म्हणतात. ते साधे चौकोनी चित्रच असते. फोटोसारखे उघडता येते आणि रंगवता येते. पट्टीचा जो भाग दिसू नये तिथे चित्र पारदर्शक ठेवलेले असते. या पारदर्शकतेच्या नोंदीला अल्फा म्हणतात. रंग बदलताना अल्फा हरवला की पट्ट्या पूर्ण भरीव दिसतात आणि पात्राने डोक्यावर पुठ्ठ्याचे हेल्मेट घातल्यासारखे होते. नवख्याची पहिली चूक बहुधा हीच.

एका केशरचनेला अनेकदा दोन-तीन चित्रे असतात. एकात रंग असतो. दुसरे जांभळट-निळसर दिसते. त्यात रंग नसून उजेड कुठल्या बाजूने कसा परतावा याची माहिती असते. त्या जांभळ्या चित्राला हात लावायचा नाही. ते रंगवले तर केसांवर उजेड भलत्याच दिशेने पडतो आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. कुठे चकाकीचे तिसरे चित्र असते. भुवया आणि डोक्याच्या कातडीवरचे बारीक केस बऱ्याच गेममध्ये आणखी वेगळ्या फाइलमध्ये असतात. कुणाला पैसे देऊन काम करून घेणार असाल तर भुवयांचे आधीच बोलून घ्या. नाहीतर केस तांबडे, भुवया काळ्याकुळकुळीत, आणि त्या बदलायला वेगळे पैसे.

आणखी एक गोष्ट पैसे देण्यापूर्वी तपासावी. टेक्श्चर उघडल्यावर केस राखाडी, रंगहीन दिसले तर त्या गेममध्ये रंग चित्रात नाही. गेम स्वतः वरून रंग चढवतो. २०११ साली आलेला ‘स्कायरिम’ असाच चालतो: पात्र तयार करताना निवडलेला रंग राखाडी चित्रावर चढतो. अशा चित्रात तुम्ही लाल ओतला आणि वरून गेमने तपकिरी चढवला तर निघतो तो मळकट विटकरी. तिथे आधी गेममधली रंगाची निवडच पाहावी; ती फुकट असते.

‘सिम्स ४’मध्ये प्रत्येक छटेला स्वतःचे चित्र असते, त्यामुळे आमचे काम सोपे होते. रंग, कपडे, केस सगळे एका १०२४ × २०४८ बिंदूंच्या पानावर मांडलेले असतात आणि केसांना त्यातला ठरलेला कोपरा मिळतो. पान तेवढ्याच मापाचे राहिले पाहिजे. मोठे केले म्हणून केस सुंदर होत नाहीत.

मेंदी आणि ब्लीच

हे काम मला समजले ते आईच्या मेंदीमुळे. मेंदीतले लॉसोन नावाचे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला चिकटते, पण केसाचा मूळ काळा रंग काढत नाही. म्हणून पांढऱ्या केसावर मेंदी झळाळून दिसते आणि काळ्या केसावर उन्हात जरा तांबूस झाक तेवढी येते. चित्रसंपादनाच्या प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे थर, एकमेकांवर चढवण्याची ‘मल्टिप्लाय’ नावाची पद्धत असते. ती अगदी मेंदीसारखी वागते. खालचे चित्र पांढरे असेल तर वरचा रंग पूर्ण दिसतो, काळे असेल तर काळेच राहते.

यातून खर्चाचा पहिला नियम निघतो. हलक्या रंगाचे केस गडद करणे स्वस्त आणि झटपट. काळे केस हलके करणे महाग. सलूनमध्ये त्यासाठी आधी ब्लीच करावे लागते, इथे ‘कर्व्ह्ज’ किंवा ‘लेव्हल्स’ वापरून चित्र उजळावे लागते. आणि ब्लीचने केस खराब होतात तसे इथेही होते. गेमची चित्रे जागा वाचवण्यासाठी दाबून साठवलेली असतात, चार बाय चार बिंदूंच्या तुकड्यांत. गडद चित्र खूप उजळले की ते तुकडे चौकटीच्या कापडासारखे दिसू लागतात. ‘ह्यू-सॅच्युरेशन’ची कळ काळ्या केसांवर कितीही फिरवली तरी फार काही होत नाही, कारण काळ्यात फिरवायला रंगच नसतो. भाचीची पहिली अख्खी दुपार त्यात गेली.

म्हणून आम्ही काळी छटा सोडली आणि गेममधल्या सर्वांत पांढऱ्या छटेचे चित्र घेतले. त्यावर केशरी-तांबूस रंगाचा लेयर, मल्टिप्लायवर, सुमारे ७० टक्के गडद. मग भांगाजवळचा रंग मास्क लावून पुसला, आणि तोही सरळ रेषेत नाही. मेंदी उतरते तेव्हा प्रत्येक बटेची सीमा वेगळी असते. कुठे बोटभर, कुठे दीड बोट. मऊ ब्रशने बटेच्या दिशेने, वरून खाली, असे ओढत गेले की खरे वाटते. मागच्या बाजूला, मानेजवळ, आईचे काही केस अजून काळे आहेत. तिथे भाचीने मूळ काळ्या छटेचा तुकडा आणून बसवला. एवढा बारकावा कुठलाही बाहेरचा कारागीर तुमच्या आजीला पाहिल्याशिवाय देणार नाही, हेही लक्षात घ्या.

शून्य रुपयांचा रस्ता

‘सिम्स ४’चा मूळ गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. त्यावरचे जोड-पॅक विकत असतात आणि सगळे घ्यायला गेलात तर रक्कम कित्येक हजारांत जाते. एखाद्या केशरचनेसाठी मूल पॅक मागत असेल तर आधी विचारा, मूळ गेममधली जवळची केशरचना रंगवून भागते का? आमचे भागले.

गेममधून चित्र बाहेर काढायला आणि परत आत घालायला ‘सिम्स ४ स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर लागते. तेही फुकट. ते चित्र पीएनजी स्वरूपात देते, म्हणजे कुठल्याही संपादकात उघडते.

रंगवायला गिंप पुरेसे आहे. १९९६ पासून लोकांसमोर असलेले, पूर्णपणे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर. बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एक मोठी सोय झाली: रंगाचे फेरफार मूळ चित्राला धक्का न लावता वरच्या वर ठेवता येतात आणि नंतर कधीही बदलता येतात. नवशिक्यासाठी हे फार मोलाचे आहे. चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला कृता अधिक आवडेल, तेही मोफत. ते स्टीम या ऑनलाइन दुकानावर पैसे घेऊन मिळते आणि स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट, सॉफ्टवेअर तेच. स्टीमवरचे पैसे निर्मात्यांना मदत म्हणून द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण माहीत असून द्या. विंडोजवर पेंट डॉट नेटचेही तसेच: त्यांच्या संकेतस्थळावर मोफत, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर विकत. जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप असेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालते. बाजूला जाहिराती दिसतात, एवढेच.

मग फोटोशॉप? उत्तम आहे, व्यवसायात लागते, पण केस रंगवण्यासाठी घेऊ नये. ते आता विकत मिळत नाही, वर्गणीवर मिळते. त्यातली मेख बऱ्याच जणांना कळत नाही. दरमहा पैसे जातात म्हणून ते महिन्याचे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक जण वर्षाचा करार करतात आणि हप्ते महिन्याचे असतात. पहिल्या १४ दिवसांनंतर रद्द केले तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे भरावे लागते. समजा हप्ता २,००० रुपये आणि ८ महिने उरलेत, तर सोडण्याचेच ८,००० रुपये. घ्यायचेच असेल तर जरा महाग असलेला खराखुरा मासिक पर्याय घ्या आणि काम झाल्यावर बंद करा. वर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा पैशांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवले पाहिजे, आणि १५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला साधारणपणे प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. तो आगाऊ संदेश जाहिरात समजून पुसू नका. बँकेच्या अॅपमध्ये ही परवानगी रद्द करण्याची सोय असते. मात्र परवानगी रद्द केली म्हणजे करार संपला असे नाही. दोन्हीकडे जाऊन बंद करा.

वीज नि जागेचा खर्च किरकोळ. लॅपटॉपला ६० वॅट धरा, दोन संध्याकाळी मिळून सहा तास, म्हणजे ०.३६ युनिट. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडले तरी सव्वाचार रुपये. मोठा डेस्कटॉप मॉनिटरसकट २०० वॅट खात असेल तर १४-१५ रुपये. गेमला डिस्कवर किमान २६ जीबी मोकळी जागा लागते, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवून घ्यायला बसू नये. ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकांकडे लॅपटॉप घेऊन एक रात्र जा.

मी जे पैसे वाया घालवले

भाचीने विचारल्यावर, तिला मदत म्हणून, मी स्टेशनजवळच्या एका दुकानात माझा लॅपटॉप देऊन “फोटोशॉप टाकून द्या” असे सांगितले. ५०० रुपये घेतले. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळे “फुल व्हर्जन”. बिल नाही. घरी आल्यावर पाहिले तर अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला. पंधरा दिवसांत ब्राउझर आपोआप भलत्याच पानांवर जाऊ लागला, पंखा सतत गरगरू लागला. दुसरीकडे नेऊन फॉरमॅट मारला, त्याचे ६००. बाबांच्या षष्ट्यब्दीचे फोटो मी वेगळे ठेवले होते म्हणून वाचले.

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर ही ग्राहकाची बचत नाही. अँटिव्हायरस बंद केल्याशिवाय ते बहुधा चालत नाही, आणि तो बंद असताना आत काय आले ते दुकानदारालाही माहीत नसते. त्याच लॅपटॉपवरून आपण नेटबँकिंग करतो. कायद्याचेही आहे: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैदेऐवजी ५०,००० पर्यंतच्या दंडावर सोडू शकते. हे सांगते ते भीती घालायला नाही. ज्या कामासाठी गिंप फुकट मिळते त्यासाठी हा धोका घेण्यात काय अर्थ आहे?

त्या १,१०० रुपयांत एक चांगला पेनड्राइव्ह आला असता, आणि या कामात खरा उपयोग त्याचाच आहे. रंग बदलण्यापूर्वी मूळ चित्र आणि गेमची सेव्ह फाइल दोन्ही त्यावर ठेवायच्या. मूळ फाइल असली की कुठलीही चूक पाच मिनिटांत परतवता येते.

यंत्र घ्यावे का

फक्त केस रंगवण्यासाठी नवे यंत्र घेऊ नये. माउसने होते. मुलाचा हात चित्रात चालत असेल तर पेन टॅब्लेट घेण्याचा विचार करा. स्क्रीन नसलेली साधी पाटी आणि पेन, दोन ते चार हजारांत चांगल्या कंपनीची येते. बटेच्या दिशेने जोर कमी-जास्त करत रेघ ओढण्यात तिची मजा आहे. पाटी छोटी चालेल. पेनला बॅटरी लागत नाही असाच प्रकार घ्या, आणि पेनची टोके झिजतात, तेव्हा सुटी टोके सोबत आहेत का ते पाहा.

खरेदीला कल्याण-डोंबिवलीत दुकाने भरपूर. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून जाणारेही आहेत. अख्खा असेंबल्ड पीसी घ्यायचा तर ती फेरी वसूल होते. तीन हजारांच्या पाटीसाठी दिवस मोडू नका. उद्या ती बिघडली तर परत न्यायला पुन्हा तीच फेरी. जवळच्या दुकानातून घ्या, जीएसटीचे बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. “बिलाशिवाय दोनशे कमी” याला नाही म्हणा.

गेमिंग कॅफेत तासावर बसून हे काम करायचा विचार काही मुले करतात. बऱ्याच कॅफेत संगणक बंद केला की सगळे पूर्ववत होईल अशी सोय असते. दोन तासांची मेहनत बटण दाबताच जाते. तिथे बसायचेच तर दर दहा मिनिटांनी फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा.

कुणाकडून करून घ्यायचे तर

डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात अॅनिमेशन शिकलेली पुष्कळ तरुण मुले आहेत आणि अशी सुटी कामे घेतात. मला वेगवेगळ्या तिघांनी ३०० पासून १,५०० रुपयांपर्यंत सांगितले. फरक का? ३०० वाला एकाच पांढऱ्या छटेवर रंग चढवणार होता. १,५०० वाला भुवया, दोन लांबीच्या केशरचना आणि गेममध्ये बसवून दाखवण्यासकट देणार होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. म्हणून दर विचारण्याआधी काम सांगा: कुठला गेम, कुठली केशरचना, काळ्याचे पांढरे की पांढऱ्याचे गडद, भुवया धरून की सोडून.

घेताना तीन गोष्टी मागा. लेयर शाबूत असलेली फाइल, म्हणजे पुढे छटा बदलायची झाली तर पुन्हा पैसे नकोत. गेममध्ये बसवल्यानंतरचे दोन चित्र-पुरावे, एक जवळून आणि एक लांबून. आणि निदान एक दुरुस्ती त्याच रकमेत. लांबूनच्या चित्राचा आग्रह धरा. गेममध्ये पात्र दूर गेले की चित्राच्या लहान-लहान प्रती वापरल्या जातात, त्यांना मिपमॅप म्हणतात. डीडीएस स्वरूपाच्या फाइल वापरणाऱ्या गेममध्ये, साठवताना त्या तयार केल्या नाहीत तर जवळून सुरेख दिसणारे केस लांबून चमचमत, थरथरत राहतात. या प्रतींमुळे फाइल तिसऱ्या हिश्शाने वाढते. २०४८ × २०४८ चे, अल्फासकट दाबलेले चित्र ४ एमबीचे असेल तर मिपमॅपसह सुमारे ५.३ एमबी. तुमच्या हातात आलेली फाइल बरोबर ४ एमबीवर थांबलेली दिसली तर विचारा.

दुरुस्तीची अट किती गरजेची आहे ते आम्हाला घरीच कळले. भाचीने दोन संध्याकाळी खपून केलेली गेममधली आजी आईला दाखवली. आईने चष्मा लावून पाहिले. “छान आहे गं. पण हा रंग नुसत्या पाण्यात भिजवलेल्या मेंदीचा. मी चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत भिजवते.” खरेच होते. आईच्या मेंदीला काळपट तांबडी झाक आहे, भाचीने गाजरी रंग दिला होता. लेयर शाबूत होते, म्हणून दहा मिनिटांत झाले. एकसंध फाइल असती तर सगळे पहिल्यापासून.

पैसे आधी सगळे देऊ नका. अर्धे आधी, अर्धे गेममध्ये बसलेले पाहिल्यावर. परदेशी कलाकाराकडून करून घेतले तर डॉलरच्या रकमेवर बँक साधारण २ ते ३.५ टक्के जादा आकारते आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी लागतो. दुसऱ्याने बनवलेले केस कायम पैशांच्या कुलपात ठेवून विकणारे भेटले तर घेऊ नका. ‘सिम्स’च्या कंपनीचे धोरण असे की मॉड, म्हणजे बाहेरच्यांनी केलेले असे बदल, मोफत असले पाहिजेत, देणगी किंवा थोड्या काळापुरता आगाऊ प्रवेश चालतो. मूळ चित्राचा हक्क कंपनीचाच राहतो, तेव्हा तुमच्या मुलानेही रंगवलेले केस विकायला काढू नयेत.

लाखाच्या घरातला अॅनिमेशनचा अभ्यासक्रम एवढ्या आवडीवर घेऊ नका. आधी वर्षभर गिंप आणि त्रिमितीय चित्रांसाठीचे ब्लेंडर या दोन मोफत साधनांवर मूल टिकते का ते पाहा. टिकले तर पुढे रस्ता आहे, आणि तो आपल्याच राज्यातून जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम काढला, त्यात पहाडी चित्रशैलीची छाप आहे. नायिका भारतीय मुलगी आहे. ती बनवणाऱ्यांनाही कुठेतरी केसांचा पहिला चौकोन रंगवावाच लागला असेल.

हात लावू नये असे गेम

मोबाइलवरच्या बीजीएमआयसारख्या ऑनलाइन लढाईच्या गेममध्ये हा प्रयोग करू नका. तिथे गेमच्या फाइल बदलणे नियमाविरुद्ध आहे, मग तुम्ही केसच बदललेत की आणखी काही, हे यंत्र पाहत नाही. खाते बंद होते आणि त्यात घातलेले पैसे परत येत नाहीत. “केस बदलणारी अॅप फाइल” म्हणून टेलिग्रामवर फिरणारी गोष्ट फोनमध्ये घालू नका. घातली आणि बँक खात्यातून पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लहान मुलाला सुरुवात करून द्यायची तर ‘माइनक्राफ्ट’ सर्वांत चांगला. पात्राचे अख्खे चित्र ६४ × ६४ बिंदूंचे, डोक्याची प्रत्येक बाजू फक्त ८ × ८. वरून आणखी एक थर असतो, त्यावर शेंडी, अंबाडा, गजरा काय हवे ते. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या घरात हे शिकवावे लागत नाही.

तक्रार करायची झाल्यास

दुकानदाराने बिल दिले असेल आणि वस्तू वा सेवा बिघडली असेल तर आधी लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवरचा संदेशही पुरावा असतो. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मराठीत बोलता येते. तिथून सुटले नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खालच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि ती ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. माझ्या ५०० रुपयांचे बिलच नव्हते, म्हणून मी काही करू शकले नाही.

आमचा एकूण खर्च असा झाला: वाया गेलेले १,१००, नंतर घेतलेला पेनड्राइव्ह, आणि पाच रुपयांची वीज. दुकानात गेले नसते तर पेनड्राइव्हवरच भागले असते.

भाची परत गेली. तीन आठवड्यांनी रात्री साडेनऊला तिचा फोन, रडवेला आवाज: “मावशी, आजीचे केस गेले!” गेमचे नवे अपडेट आले होते. प्रत्येक अपडेटनंतर ‘सिम्स ४’ बाहेरून घातलेल्या फाइल आपोआप बंद करतो. गेम ऑप्शन्समध्ये जाऊन ‘कस्टम कंटेंट अँड मॉड्स’ची खूण पुन्हा करायची, गेम बंद करून चालू करायचा, आणि तोपर्यंत ‘सेव्ह’ दाबायचे नाही. तिने दाबले नव्हते. फोन चालू ठेवून तिने ते सगळे केले, आणि गेम पुन्हा उघडेपर्यंतची दोन मिनिटे आम्ही दोघी काही न बोलता थांबलो.

“आली,” ती म्हणाली. “भांगाजवळचं पांढरंसुद्धा तसंच आहे.”